जारांच्या झाडावरचा त्राओरे

सिकासो शहरात आंबे पिकल्याची बातमी बाजाराआधी इस्पितळात येते. तातडीच्या विभागात झाडावरून पडून मनगटं मोडलेली पोरं दिसू लागली की डॉक्टर सिरा ओळखायची, मोसम सुरू झाला. खरचटलेले गुडघे आणि पोटरीवर सायलेन्सरचा चटका म्हणजे मोटारसायकल. आधी जखम पाहायची, हकिगत नंतर ऐकायची. हा खेळ तिला मनापासून आवडायचा आणि सहसा तीच जिंकायची.

झुमानाबाबांनी मात्र तिला पेचात टाकलं. पांढरी दाढी, दंडाला ताईत, शिकाऱ्यांच्या मंडळाचे म्होरके. त्यांच्या दोन मुलांनी त्यांना उचलून आणलं होतं. दोन्ही टाचा सुजून नुसत्या पपया झाल्या होत्या.

"मोटारसायकलवरून पडलो," बाबांनी जाहीर केलं. "पट्ट्या बांध पोरी, की निघालो."

सिराने निरखून पाहिलं. अंगावर एक ओरखडा नाही. पोटरी साफ. वर सदऱ्यावर छातीपाशी चिकाचे काळे डाग, आणि मोटारसायकलला काही चीक येत नाही. उंचावरून टाचांवर आदळलेल्या माणसाचा कणाही पुष्कळदा तडकतो. तसल्या कण्याने उठून बसणं म्हणजे पाय कायमचे घालवण्याची तयारी.

"बाबा, हलू नका. पाठीचा एक्स-रे काढू या."

"पाठ माझी आहे. ती काही बोलली नाही, तू का बोलतेस? अरे, धरा मला!"

मुलं पुढे सरसावली. सिरा आडवी आली. "बाबा, तुम्ही झाडावरून तर नाही ना..."

"वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडतेस?"

सिस्टर कादियाने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "त्यांना नाव काय सांगितलंस?"

"डॉक्टर सिरा."

"आणि आडनाव गिळलंस? अगं बामाकोवाले, राजधानीत राहून हे विसरलीस? ते त्राओरे आहेत! त्राओरे!"

सिराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती जारा. त्राओरे आणि जारा या आडनावांचं नातं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं. जाराने त्राओरेला तोंडावर काहीही बोलावं. त्याला रागवायची सोय नाही आणि उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. एकमेकांना 'चवळीखाऊ' म्हणणं ही त्यातली ठरलेली शिवी. तिचे वडील लग्नातच काय, मयतातही हे करायचे. पण अंगात पांढरा कोट असताना? ती घुटमळली. तेवढ्यात बाबांनी उठायला कोपर टेकलं.

ती कमरेवर हात ठेवून खाटेपाशी उभी राहिली. "ए चवळीखाऊ! मी जारा आहे, जारा!"

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. कोपर सुटलं. "जारा? तरीच म्हटलं, इस्पितळात चवळीचा वास कुठून येतोय!"

"मोटारसायकलवरून पडलास ते खरंच असणार. त्राओरेंना झाडावर कुठलं चढता येतंय? तुमच्यातले लोक चटईवरूनसुद्धा पडतात."

"आम्हाला चढता येत नाही?" बाबा गरजले. "अगं, शेंड्याला होतो मी, शेंड्याला! तिथून अख्खा बाजार दिसतो!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही तर म्हणालात..."

"गप बसा रे."

"झाड कुणाचं?" सिराने विचारलं.

"बुबा जाराचं. आणि जाराचा आंबा त्राओरेने तोडला तर ती चोरी नसते, उपकार असतात."

"मग पड आडवा, उपकारकर्त्या. नुसतं बोट हलवलंस तरी गावभर सांगेन, त्राओरे जारांच्या झाडाला घाबरला म्हणून."

बाबा निमूट पडून राहिले. चौघांनी त्यांना ओंडक्यासारखं, कुठेही न वाकवता, एक्स-रेच्या टेबलावर सरकवलं. कमरेच्या मणक्याला तडा होता, पण मणका जागेवर होता. सिराने पाय हलवायला सांगितल्यावर दहाही बोटं कुरकुरत वळवळली. तिने रोखून धरलेला श्वास सोडला.

"बाबा, आता काही दिवस असंच उताणं राहायचं."

"आता 'बाबा' आठवले होय!"

संध्याकाळी सिराच्या सांगण्यावरून त्यांच्यासाठी वाडगाभर चवळी आली. त्यांनी उताण्यानेच, मुलाच्या हातून, शेवटचा दाणा संपवला आणि कादियाबरोबर निरोप धाडला, "त्या जाराबाईला सांग, मीठ कमी होतं."