मिस्त्रीच्या खुंट्या

खुंट्या उपटायची कल्पना मिस्त्रीची, आणि खुंट्या केल्या होत्या त्याही त्यानेच. विकास मंडळाच्या मोजणी खात्याकडून मागणी आली तेव्हा एवढ्या खुंट्या कशाला, असं ह्या बाबाने एका शब्दाने विचारलं नाही. कडक लाकूड निवडलं आणि टोकं अशी तासली की नुसतं बोट लावलं तरी रक्त निघावं. बायको म्हणाली, "मातीतच जायच्यात ना? मग एवढं काय कोरत बसलाय?" तो म्हणाला, "काम म्हणजे काम." हात चोख चालला की डोकं चालवायची गरज नाही, असं समजणाऱ्या माणसांपैकी तो एक.

मग त्याच खुंट्या गल्लीत उगवल्या. एक न्हाव्याच्या उंबऱ्याशी, एक शिवणवाल्या बाईच्या घरात, एक गिरणीवाल्याच्या गिरणीत, आणि एक खुद्द मिस्त्रीच्या बाकाखाली. रस्ता रुंद होणार, त्यावर काचेची दुकानं येणार, आणि ही माणसं जाणार कुठे ते नकाशात नव्हतं. बाकाखालची खुंटी ठोकली मिस्त्रीच्या धाकट्या भावाने. तो मोजणी खात्यात नोकरीला होता.

"दादा, मी नाही ठोकली तर दुसरा कुणी ठोकेल," तो मोगरी हातात धरून म्हणाला.

मिस्त्रीने त्याच्या कानाखाली जाळ काढला. आई गेल्यावर ज्याला कडेवर घेऊन वाढवला, त्याच्या कानाखाली. आणि वर भर गल्लीत सांगितलं, "आजपासून हा माझा कुणी नाही." रागात माणूस काय वाटेल ते बोलतो, पण ऐकणारे ते जपून ठेवतात.

सुनावणी लागली तेव्हा मिस्त्रीनेच बेत काढला. "प्रत्येकाने आपापली खुंटी उपटून आणायची आणि मंडळाच्या टेबलावर टाकायची. अर्ज दिले तर फाडतील. खुंटी फाडून दाखवा म्हणावं."

बेत सगळ्यांना पटला, पण खुंट्या निघता निघेनात. मग मिस्त्रीने घरोघर जाऊन शिकवलं: झटका द्यायचा नाही. आधी चारी बाजूंनी हलवून ढिली करायची, मग दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढायची. गिरणीवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. भुवयांपर्यंत पिठाने माखलेला तो गडी कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणाला, "स्वतःच्या मुळावर येणारं काम इतकं झकास करणारं गाढव मी दुसरं पाहिलं नाही."

सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावर सभासद, मधोमध अध्यक्ष, त्यांच्यासमोर पितळी घंटा. मागे भिंतीवर नकाशा आणि नकाशाशेजारी धाकटा, विचारतील ती जागा दाखवायला काठी घेऊन उभा. त्याने दादाकडे पाहिलं. दादाने मान फिरवली.

शिवणवाली बाई उठली. "साहेब, माझ्या चुलीपासून..." घंटा वाजली. न्हाव्याने नुसता घसा खाकरला, तोवर घंटा वाजली. मग गिरणीवाला पुढे गेला. तो बोलायला लागला आणि अध्यक्षांनी मान वर न करताच घंटा वाजवली.

"तुमची हरकत नोंदवून घेतली. पुढचे कोण?"

"अजून मी तोंड उघडलं नाही, तर नोंदवलं काय?"

सभागृह हसलं. ते ठीकच होतं, पण अध्यक्षही हसले, शेजारच्याकडे वळून, दात दाखवून. गिरणीवाल्याने हातातली खुंटी फेकून मारली.

खुंटी अध्यक्षांच्या भुवईवर बसली आणि समोरचे कागद लाल झाले. शिपायाने गिरणीवाल्याच्या पाठीत दंडुका घातला, आणि मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. खुर्च्या उडाल्या, काचा फुटल्या. जन्मात कुणाच्या गालाला वस्तरा लागू न दिलेला न्हावी खाली पडलेल्या शिपायाच्या तोंडावर लाथा घालत होता. धाकट्याने अध्यक्षांना उठवलं, एकेका सभासदाला मागच्या खोलीत ढकललं, आणि शेवटी स्वतः आत जायला वळला तर दार लागलं. आतून कडी पडली.

"साहेब, मी राहिलोय बाहेर," तो दारावर थापा मारत म्हणाला. कुणी उघडलं नाही.

गर्दीला मारायला साहेब उरले नव्हते. उरला होता तो हा.

"ह्यानेच ठोकल्या," कुणीतरी म्हणालं. त्यांनी त्याला पाय धरून मंचावरून खाली ओढला. शिवणवाल्या बाईने त्याचा उजवा हात फरशीवर दाबला आणि खुंटीच्या माथ्याने बोटं ठेचली. मिस्त्रीने आयुष्यभर लाकूड मोडताना ऐकलं होतं. हा आवाज लाकडाचा नव्हता. तो माणसं तुडवत पुढे घुसला.

गिरणीवाला धाकट्याच्या छातीवर गुडघा रोवून त्याचा गळा आवळत होता.

"सोड त्याला."

"तुझा कुणी नाही ना तो? तूच म्हणालास."

"सोड म्हणतो ना. मरेल तो."

आता गिरणीवाल्याला ऐकूच येत नव्हतं. धाकट्याचे डोळे पांढरे झाले. मिस्त्रीच्या हातात बाकाखालची खुंटी होती. त्याला खांद्यावर मारायचं होतं. ती मानेच्या बुडाशी शिरली, आणि मोगरीचीही गरज पडली नाही.

आजूबाजूचे हात जागच्या जागी थांबले. गिरणीवाला गळा सोडून खाली बसला. त्याने खुंटीचा माथा चाचपून पाहिला.

"मिस्त्री," तो हळूच म्हणाला, "टोक बाकी झकास तासलंस."

रक्त फारसं नव्हतं. खुंटीने आपलं भोक आपणच बुजवलं होतं. धाकटा खोकत, कोपरांवर सरपटत आला. त्याचा आवाज घोगरा झाला होता.

"दादा, हात लावू नकोस. राहू दे तशीच. आधी दवाखान्यात नेऊ."

पण दोस्ताच्या अंगात आपली खुंटी मिस्त्रीला बघवेना. त्याला ती काढायची होती, झालेलं सगळं तिच्याबरोबर निघून येईल असं वाटून. तो गुडघ्यांवर बसला. "थांब, काढतो हं," असं गिरणीवाल्याला म्हणाला, पायात काटा रुतल्यासारखं. त्याने खुंटी आधी हलवून ढिली केली. मग दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढली.

खुंटी निघाली आणि तिच्यामागून रक्ताची धार उसळली. धाकट्याने मोडक्या बोटांनी ती जखम दाबून धरली, बंद दाराकडे तोंड करून मदतीला बोलावत राहिला. गिरणीवाल्याचा हात मिस्त्रीच्या गुडघ्यावर होता. तो थंड पडला तरी मिस्त्री खुंटी हातात धरून बसला होता, आणि आता ती परत कुठे ठेवायची ते त्याला कळत नव्हतं.