चमच्याची वाट

आमचे मालक वाळूजच्या कंपनीत फिटर होते. रिटायर झाले आन् दोन्ही हातांत कंपवात शिरला. चमचा तोंडाशी येईस्तोवर वरण सगळं सदऱ्यावर. मग मीच भरवायला लागले. आधी त्यांचं, त्यांचं झालं की माझं.

एक दिवस म्हणाले, "द्वारका, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढ. पट्ट्या काप त्यांच्या."

"आता हे काय नवीन खूळ?"

"चमच्याची वाट शोधायचीय. मला माझ्या हातानं जेवायचंय."

लई लागलं मला. इतकी वर्षं भरवते, आन् आता माझ्या हातचा घास नको झाला? तसं तोंडावर बोललेबी. त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडं सरकवला.

पाटावर कागद ठेवून टाचण्या मी टोचायच्या, सांगायचं त्यांनी. एक पट्टी गोल फिरवायची, तिनं दुसरीला ढकलायचं, तिसरी नुसती झुलायची. मधल्या पट्टीच्या भोकात पेन्सिल घातली की तिची वाट कागदावर उमटायची. टाचणी बोटभर सरकली तरी सगळी वाट बदलायची. "ही नाकात चालली," म्हणायचे. "ही तर कानात." मी चिडायचे, आन् हसायचेबी. एकदाची वाट जमली, पेन्सिलीच्या जागी चमचा लावला, तर तो वर जाताना कलंडायला लागला. मग त्याला सपाट धरायला शेजारून अजून पट्ट्या जोडल्या.

शेवटी गल्लीतल्या इब्राहीमभाई वेल्डरनं तसंच लोखंडाचं करून दिलं. टेबलाला बसवलं. फिरवायला एक दांडा. दांड्यावर हात कितीबी थरथरू दे, चमचा अडखळायचा पर वाट सोडायचा नाय.

पहिला घास त्यांच्या तोंडात गेला, सांडला नाय. मी भांडी आवरायला उठले.

"कुठं चालली? तुझं ताट घे. भाकरीला वाफ हाय तवर खा. माझ्यापायी कवापासून गार खातीस."

एवढ्यासाठी चाललं होतं सगळं. मला रडू आलं, आन् रागबी आला. आधी सांगता येत नव्हतं का ह्या माणसाला?

त्या दिवशी आम्ही बरोबर जेवलो. पोळ्यापर्यंत रोज बरोबर जेवलो. पोळा झाला आन् एका सकाळी झोपेतच गेले.

आता ताट एकच. तव्यावरची भाकरी थेट ताटात येते, पर घास तोंडातच फिरत राहतो, खाली उतरत नाय. समोर त्यांचा चमचा तसाच हाय. मी भाकरी गार होईस्तोवर बसून राहते, मग खाते.