फुटलं की फोडलं

बाभळसांगवीचं तळं गावाच्या डोक्यावरच होतं. पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या मातीच्या बांधावरून, धोंडा सोडला तर गडगडत शिवप्पाच्या दुकानापर्यंत यायचा, इतकं गाव तिच्या पायथ्याशी. तळं कुण्या जुन्या जहागीरदाराच्या काळातलं. सरकारी माणूस तिकडं फिरकून वर्षं झाली होती. पाळीत बाभळी माजल्या होत्या आणि त्यांच्या मुळांत घुशींनी बिळं केली होती. त्यात गेल्या उन्हाळ्यात गावानं सांडव्यावर धोंडे रचले, वरून चिखल लिंपला आणि जादा पाणी जिथून वाहून जायचं ती वाटच कंबरभर उंच करून टाकली. पाणी जास्त साठेल, उसाला पुरेल, असा हिशेब. ही अक्कल पोलीस पाटील बलभीमची, आणि तिला मान डोलावली सगळ्यांनी.

दूरदेशीची मोठी लढाई संपल्याची बातमी नळदुर्गच्या बाजारातून नुकतीच गावात आली होती. निजामाचं राज्य मात्र होतं तसंच होतं. त्या साली पावसाळ्याच्या अखेरीचं हत्ती नक्षत्र लागलं आणि पाऊस सुटला तो थांबेचना. आधी लोक खूश झाले. मग भिंती फुगल्या, माळवदं गळायला लागली, ओढा दोन्ही काठ सोडून ज्वारीत शिरला. एका सकाळी गुराख्यानं बोंब मारली की पाळ पाझरतीय आणि पाझर गढूळ येतोय.

निवळ पाझर आला तर माणूस निजू शकतो. गढूळ पाझर म्हणजे पाळ आतून खचायला लागली.

सगळं गाव पाळीवर गेलं. गडी कुदळीनं माती खणत होते, बाया टोपल्यांनी वर वाहत होत्या. त्यांत पाटलाची बायको कस्तुराबाईही होती. ती भूम तालुक्यातल्या ईटची लेक. बोलायला कमी आणि कामाला खमकी. तिच्या लुगड्याचा चिखल झाला होता. दोघं गडी सांडव्यावरचे धोंडे काढायला उतरले, तर पाण्याच्या लोंढ्यानं एकाचे पाय उखडले. दोराला धरून त्याला कसाबसा ओढून काढला. त्यानंतर तिकडं कुणी गेलं नाही. उन्हाळ्यात रचलेले धोंडे गाळानं असे बसले होते, जणू ओतीव काम.

पाणी पाळीच्या काठापासून वीतभरच खाली उरलं तेव्हा बलभीम म्हणाला, "आता टोपल्या टाका. पाळ ऱ्हात न्हाय. उगवतीकडं फोडू."

उगवतीच्या अंगाला पाळ टेकाडाला मिळत होती. तिथं भराव बुटका होता. तिथं तोंड पाडलं तर पाणी गावाकडं न वळता टेकाडाच्या पलीकडल्या उतारानं ओढ्याला गेलं असतं. त्या उताराच्या तळाशी गायरानात बिरू धनगराची वस्ती होती. सहा-सात पालं आणि मेंढरांचे वाडे.

"ब्याड री पाटील, ब्याड," शिवप्पा म्हणाला. दुकानदार शिवप्पाला घाबरला की कानडी सुचायची. "फोडू नगा. खाली बिरू हाय. लेकरंबाळं हायती."

"दोन सालं झाली, गायरानातनं उठा म्हणून सांगतोय त्यास्नी. उठले का?"

"निदान निरोप तरी धाडा."

"निरोप धाडला की कुऱ्हाडी घिऊन वर येतील. मग फोडू देतील आपल्याला? तुझ्या दुकानात पानी शिरंस्तवर त्यांच्या पाया पडत बसू का?"

शिवप्पानं मग हट्ट सोडला. कारण पाटील म्हणत होता ते खरं होतं. बिरू आणि गाव यांच्यात उभा दावा होता. उन्हाळ्यात पाटलानं त्याची मेंढरं कोंडवाड्यात घातली होती, तिथं पाण्यावाचून कोकरं मेली होती. त्यानंतर बिरूच्या माणसांनी पाटलाचा कडबा पेटवला, असं गाव म्हणत होतं. निरोप्या गेला असता तर तो परत आला असता की नाही, हेही कुणी सांगू शकत नव्हतं.

कस्तुराबाई टोपली डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली.

"आन् त्यांची पोरं?" तिनं विचारलं.

बलभीमनं वळून पाहिलं. "घरी जा. बायांनी समद्यांनी घरी जावा."

तिनं टोपली खाली ठेवली आणि निघाली. थोडं खाली उतरल्यावर इतर बाया गावाकडं वळल्या. ती बाभळींच्या आडून टेकाडाकडं वळली आणि मग पळायला लागली.

काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वस्तीजवळ आल्यावर कुत्री अंगावर धावून आली. एकानं पोटरीला दात लावले. बिरूनं हाकललं तेव्हा कुत्री मागं हटली. घोंगडं पांघरलेला बिरू पालाच्या तोंडाशी उभा होता. त्याच्या मागं त्याचा धाकटा भाऊ म्हाकू होता, आणि आत चुलीपाशी त्यांची म्हातारी आई दगडाबाई बसली होती.

"पाटलीणबाई? तुमी हिकडं?"

"वस्ती उठीव, बिरू. पोरं घिऊन टेकाडावर जा. वर तळं फोडाया लागलेत. पानी हितनंच येनार."

बिरू हसला. त्या हसण्यात चांगलं काही नव्हतं. "पाटलानं धाडलं का?"

"त्यांस्नी ठावं न्हाय म्या आल्याली."

"लई झालं," आतून दगडाबाई कडाडली. "दोन सालं धमकीनं उठलो न्हाय, तर आता बायकू धाडली व्हय? आमी टेकाडावर गेलो की मागनं पालं मोडायची, वाडं उचकायचं. माझी कोकरं मारली त्याची बायकू माझं भलं सांगाया येती?"

"तुळजापूरच्या आईची आन हाय, म्हातारे!"

"तुमची आन कोंडवाड्यात मेली."

पोटरीतून रक्त गळत होतं. वर पाळीवरून कुदळींचा आवाज पावसात ऐकू येत नव्हता, आणि आला असता तरी यांनी तो मानला नसता. ती वाकून पालात शिरली आणि चुलीसमोर, दगडाबाईच्या शेजारी, मांडी घालून बसली.

"मग म्या बी हितंच बसते," ती म्हणाली. "पानी येईल तवा समद्यांसंगं माझं बी व्हईल. पाटलाला कळंल मग."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. बिरूही बघत राहिला. कुणीही आपली बायको अशी बसायला धाडत नाही, एवढं त्याला कळलं. त्यानं तोंडात बोटं घालून शीळ घातली आणि वस्तीला ओरडला, "उठा! पोरं उचला! मेंढरं सोडा!"

मग एकच गोंधळ उडाला. बाया पोरं कडेवर मारून टेकाडाकडं धावल्या. मेंढरं वाड्याबाहेर निघेनात, एकमेकांत डोकी खुपसून उभी राहिली. त्या गडबडीत म्हाकूनं पालाच्या मेढीला अडकवलेली कुऱ्हाड काढली.

"कुठं निघालास?" बिरू ओरडला.

"फोडू देत न्हाय त्यांस्नी. येकाचं तरी डोस्कं फोडतो."

"म्हाकू, जाऊ नगं!" कस्तुराबाईनं झडप घालून त्याचं घोंगडं धरलं. "आता येळ न्हाय! पानी तिकडनंच येनार हाय!"

त्यानं हिसका दिला. घोंगडं तिच्या हातात राहिलं आणि तो उघड्या अंगानं उतार चढत पाळीकडं पळाला.

बिरू त्याच्या मागं दोन पावलं गेला, पण त्यानं म्हातारीला पाठीवर घेतलेलं होतं. तो शिव्या देत टेकाडाकडं वळला. कस्तुराबाईनं कुणाचंतरी पोर उचललं आणि ती त्यांच्या मागं चढली. टेकाड अर्धं चढून झालं असेल-नसेल, तोवर आवाज आला. आधी झाड मोडावं तसा, मग लांबलेला, जमिनीतून येणारा. मातीच्या रंगाची एक भिंत उतारावरून खाली आली. तिच्यात बाभळी उभ्याच्या उभ्या वाहत होत्या. वाड्यात राहिलेल्या मेंढरांचं ओरडणं थोडा वेळ ऐकू आलं. पालं तर दिसलीच नाहीत. जिथं वस्ती होती तिथं नुसतं पाणी फिरत होतं.

सगळे टेकाडावर पोचले होते. फक्त म्हाकू नव्हता.

तो उताराच्या मध्यावर असेल, असं बिरू म्हणाला. नंतर म्हणाला, कदाचित वर पोचला असेल. दगडाबाई चिखलातच बसली होती. कस्तुराबाईच्या हातात अजून ते घोंगडं होतं. म्हातारीनं ते पाहिलं, ती उठली आणि तिनं ते कस्तुराबाईच्या हातातून ओढून घेतलं.

"तू आली नसतीस तर त्यो माझ्याजवळ असता," ती म्हणाली.

"आयं, ती आली नसती तर आपुन समदेच..." बिरूच्या बायकोनं तोंड उघडलं.

"गप! समदे गेलो असतो तर गेलो असतो. माझ्या लेकाला हिनं धाडला."

बिरू कस्तुराबाईकडं न बघता म्हणाला, "जावा, पाटलीणबाई. म्हातारीला आता दुसरं काय दिसायचं न्हाय. आन् माझा बी भरवसा धरू नगासा."

ती लंगडत गावात आली. गाव कोरडं नव्हतं, पण उभं होतं. जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलं नव्हतं, साठवलेली ज्वारी शाबूत होती. मारुतीच्या देवळापुढं लोक नारळ फोडत होते. तिला येताना पाहून ते थांबले. ती कुठून येतीय हे तिच्या अंगावरच्या चिखलानं सांगितलं असावं.

शिवप्पा पायरीवर डोकं धरून बसला होता. "म्हाकू खालनं हात करत हुता," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. "कुऱ्हाड हलवत हुता. पर तवर पानी सुटलं हुतं. सुटलं पानी कुनाला थांबवाया येतंय?"

बलभीम दारात उभा होता. त्यानं हात उचलला नाही. "त्यांस्नी सांगाया गेलतीस," तो म्हणाला.

"व्हय."

"अजून थोडं आधी त्यो वर आला असता तर आमच्यातला येक मेला असता. मी मेलो असतो. ह्याचा इचार केलतास?"

तिनं खरं ते सांगितलं. "न्हाय. पोरांचा केला."

म्हाकू ओसरलेल्या पाण्यात सापडला, ओढ्याकाठच्या बाभळीत अडकलेला. बिरूनं त्याला माती दिली आणि त्याच पावली तो नळदुर्गच्या ठाण्यात गेला.

वाट सुकल्यावर ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, घोड्यावर बसून आले. चावडीपुढं बाज टाकली. बलभीमनं घरातून निघताना कस्तुराबाईला एवढंच सांगितलं, "येकच शबुद बोलायचाय. फुटलं. समदं गाव त्योच बोलनार हाय."

आणि गाव तोच बोललं. एकामागून एक जण उठला आणि म्हणाला, तळं फुटलं, देवाची करणी. शिवप्पाही म्हणाला. त्याचा आवाज फक्त बारीक होता. बिरू बाजूला उभा राहून सगळं ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "पाटलीणबाईला इच्चारा. तीच सांगाया आलती."

कस्तुराबाई पदर घेऊन पुढं आली. साऱ्या गावाचे डोळे तिच्यावर होते. अमीनसाहेबांनी दाढी कुरवाळली. "बाई, सच बोलो. तलाव फूटा, के फोडे?"

"फोडलं," ती म्हणाली.

मागून कुणीतरी थुंकलं.

"गाव वाचवाया फोडलं. फोडलं न्हाय तर आमी समदे मेलो असतो, त्ये बी खरं. पर खाली सांगाया कुनी गेलं न्हाय. आन् सांडवा आमीच बुजवलाय, उन्हाळ्यात. म्या बी टोपल्या व्हायल्यात त्याला."

शेवटच्या बोलण्यानं गाव जास्त चिडलं. पाटलाकडं बोट दाखवलं असतं तर काहींनी ते आतल्या आत मानलंही असतं. तिनं सगळ्यांकडं दाखवलं. अमीनसाहेबांनी बलभीमला बरोबर घेतलं. जाताना तो तिच्याजवळून गेला, पण बोलला नाही. तिनं बिरूकडं पाहिलं. तो आपला रुमाल बांधत होता. तो तिच्याकडं न बघता निघून गेला, आणि थोड्याच दिवसांत उरलेली मेंढरं घेऊन जळकोटच्या बाजूला कायमचा गेला.

बलभीम हवालातीतून उन्हाळ्याच्या तोंडावर सुटून आला. पाटीलकी तोवर चुलतभावाकडं गेली होती. तो वाळला होता आणि खोकत होता. त्यानं आपली वाकळ ओसरीवर टाकली आणि तिथंच राहू लागला. कस्तुराबाई भाकरी वाढायची, तो खायचा. ताट मागं सरकवलं की झालं.

विहिरीवर ती गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तळं रिकामं झाल्यावर विहिरींचं पाणीही उतरलं. ऊस वाळला, आणि लोक म्हणू लागले की बाभळसांगवीचं पाणी कस्तुराबाईच्या जिभेनं गेलं. सांडवा, घुशी, बाभळी, कुणाला काही आठवेना. तिचा भाऊ ईटहून गाडी घेऊन न्यायला आला.

"चल अक्का. हितं तुला कुत्रं बी इच्चारत न्हाय."

"म्या काय चोरी केलीया, म्हणून जाऊ?" ती म्हणाली. भाऊ एक रात्र राहिला आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला.

पुढल्या साली हत्ती नक्षत्रात पुन्हा पाऊस लागला. इतका मोठा नव्हे, पण गावाला झोप येईना इतका. लोक पाळीच्या तुटक्या तोंडाकडं जाऊन बघून येत होते. तिथं पाणी साठायला काही उरलंच नव्हतं, तरी येत होते. कस्तुराबाई वासरू आत बांधत होती. तेवढ्यात ओसरीवरून बलभीम बोलला. चावडीपुढचा तो दिवस झाल्यापासून त्याचं हे पहिलंच बोलणं.

"यंदा कुनाला सांगाया जातीस?"

ती दावं हातात घेऊन उभी राहिली. पावसात त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं. आवाजात थट्टा नव्हती. साल उलटून गेलं होतं तरी त्यातला कडूपणा तसाच होता.

"पाळ फोडाया निघालात, तर सांगा," ती म्हणाली. "खाली जे कुनी असतील, त्यांच्याकडं बी जाईन."

तो वाकळ ओढून भिंतीकडं तोंड करून निजला. तिनं वासराला गवत टाकलं, दार लोटलं आणि चूल पेटवायला बसली. लाकडं ओली होती. खूप वेळ धूरच येत राहिला.