कुंडलिकचा हात

भीमाबाईंनी महापालिकेत तेहतीस वर्षं झाडू मारला आणि जवळपास तेवढीच वर्षं भीमगीतं गायली. ठाणे पूर्वेला, कोपरीत त्यांची खोली. पहाटे हजेरी, दुपारी थोडी झोप, आणि एप्रिल-मे आले की संध्याकाळी गायन पार्टी. पार्टीतली माणसं बदलत राहिली. पेटीवाले तीन झाले, कोरसमधल्या पोरी लग्न होऊन गेल्या. ढोलकीवर मात्र पहिल्यापासून शहाडचा कुंडलिकच. भीमाबाई कुठल्या शब्दावर रेंगाळणार, कुठे श्वास घेणार, हे त्याला बरोबर कळायचं. त्या थांबल्या की त्याचा हात थांबायचा.

भीमाबाई निवृत्त झाल्या, पेन्शन सुरू झाली. कुंडलिकला ढोलकीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. जयंतीचे दोन-अडीच महिने, मग लग्नं, बारशी, एखादी वास्तू. त्यावर त्याचं आणि शकूचं, त्याच्या बायकोचं, घर चालायचं.

चार वर्षांपूर्वी दोघांनी डोंबिवलीच्या एका स्टुडिओत आठ गाणी रेकॉर्ड केली. भीमाबाईंचा आवाज आता उतरायला लागला होता आणि तो पूर्ण जायच्या आत कुठेतरी राहावा, अशी त्यांची इच्छा होती. स्टुडिओचं भाडं त्यांनी दिलं. कुंडलिकने चार दिवस वाजवलं आणि काही घेतलं नाही. गाणी पेन ड्राइव्हवर भरायची, सहा डिसेंबरला दादरला स्टॉल लावायचा आणि येतील ते दोघांनी वाटून घ्यायचे, असं ठरलेलं.

स्टॉल लागलाच नाही. भीमाबाईंचा मुलगा राजरत्न एका बँकेत नोकरीला होता. आईच्या गाण्याचा त्याला लहानपणापासून अभिमान. आता पेन ड्राइव्ह कोण घेतं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यापेक्षा गाणी इंटरनेटवर फुकट टाकू, लिंक ग्रुपवर फिरवू, गावोगाव पोचतील. भीमाबाईंना ते पटलं. पंधरा-वीस कार्यक्रमांत जेवढी माणसं ऐकतात, तेवढी एका दिवसात ऐकणार होती.

"टाक," त्या म्हणाल्या. "बाबासाहेबांची गाणी काय विकायची असतात? मिशनचं काम आहे."

कुंडलिकला विचारावं, असं दोघांच्याही मनात आलं नाही.

गाणी खरंच पोचली. नांदेडहून फोन आले, नागपूरहून आले, दुबईत कामाला गेलेल्या एका पोराचा व्हिडिओ आला. कुंडलिकने स्वतःची ढोलकी पहिल्यांदा ऐकली ती कल्याणला एका रिक्षात. त्याने भीमाबाईंना फोन केला, चांगलं वाटलं म्हणाला आणि स्टॉलचं विचारलं. आता स्टॉल कशाला, सगळ्यांकडे गाणी आहेतच की, असं त्या बोलून गेल्या. तो "बरं" म्हणाला. त्याला पटलं, असं भीमाबाईंनी धरून चाललं.

पुढच्या जयंतीला कार्यक्रम निम्म्यावर आले. त्याच्या पुढच्या वर्षी चार. मंडळाची पोरं भेटली की कौतुकाने सांगायची, ताई, मिरवणुकीत तुमचीच गाणी लावलेली, पूर्ण वेळ. गायन पार्टीला द्यायचे पैसे आता स्पीकरला जात होते.

कुंडलिकने टिटवाळ्याला एका नव्या कॉम्प्लेक्सवर वॉचमनची नोकरी धरली. भीमाबाईंना ते शकूकडून कळलं. त्या दुपारच्या गाडीने टिटवाळ्याला गेल्या. कुंडलिक गेटवर युनिफॉर्ममध्ये बसला होता. त्यांना बघून उठला, स्वतःची खुर्ची दिली आणि आपण उभा राहिला. बारा तासांची ड्युटी, महिन्यातून दोन सुट्ट्या. पाय सुजतात, म्हणाला. भीमाबाईंनी पर्समधून पाकीट काढलं. त्याने ते घेतलं नाही.

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. "तुझी गाणी तू वाटलीस, तुझा हक्क आहे. तुला पेन्शन आहे, तुला जमलं. पण त्यात माझा हात होता ना गं. तो कुणाला विचारून दिलास?"

एक गाडी आली, तो गेट उघडायला गेला.

घरी येऊन त्यांनी राजरत्नला गाणी काढून टाकायला सांगितलं. तो वैतागला. मिशनचं काम म्हणालेलीस ना तूच, असं त्याने विचारलं. तरी आईचा चेहरा बघून त्याने गाणी काढली. काही फरक पडला नाही. ती शंभर जणांनी आपापल्या नावाने पुन्हा टाकलेली होती आणि लोकांच्या फोनमधून ती कोण काढणार?

या एप्रिलमध्ये कल्याण पूर्वेच्या एका मंडळाने भीमाबाईंचा सत्कार ठरवला. मंडळाचा सेक्रेटरी रवींद्र घरी येऊन गेला. शाल, सन्मानचिन्ह आणि दोन गाणी. कुंडलिक असेल तरच गाईन, असं भीमाबाईंनी त्याला सांगितलं. बघतो, असं म्हणून तो गेला.

त्या संध्याकाळी स्टेजवर ना पेटी होती, ना ढोलकी. कुंडलिकला कोणी बोलावलंच नव्हतं. बजेट नव्हतं ताई, ट्रॅक तयार आहे, रवींद्र कानात म्हणाला. त्यांच्या हातात माईक आला आणि मागचे स्पीकर सुरू झाले. डोंबिवलीचंच रेकॉर्डिंग होतं. कुठल्याशा ॲपने त्यातला त्यांचा आवाज काढून टाकला होता. उरली होती पेटी आणि कुंडलिकची ढोलकी.

माईक खाली ठेवावा, असं त्यांना वाटलं. समोर बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. पुढे राजरत्न मोबाईलवर शूटिंग करत होता. मुखड्याची जागा आली आणि त्यांचं तोंड आपोआप उघडलं. तिसऱ्या कडव्यात, नेहमीच्या जागी, त्या श्वासासाठी थांबल्या. ढोलकी पुढे निघून गेली. दोन ओळी धावतपळत म्हणून त्यांनी ती गाठली. कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या पडल्या.

व्हिडिओ फिरला तशी आणखी दोन मंडळांनी विचारणा केली, ट्रॅकवर गाल का म्हणून. कुंडलिक असेल तर येईन, नाहीतर नाही, असं भीमाबाईंनी दोन्हीकडे ठणकावून सांगितलं. कळवतो म्हणाले, पण कळवलं नाही. भीमाबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट हलकं वाटलं. कुंडलिकच्या सुट्टीच्या दिवशी त्या शहाडला गेल्या.

शकूने चहा ठेवला. कुंडलिक बाजेवर पाय वर करून बसला होता.

"मी तिथे गायला नको होतं," भीमाबाई म्हणाल्या.

"बघितला मी व्हिडिओ," तो म्हणाला. "तिसऱ्याला मागे राहिलीस."

"हो."

मग त्यांनी त्या दोन मंडळांचं सांगितलं. तुझ्याशिवाय गाणार नाही असं कळवलंय, यापुढेही तेच सांगणार. त्याला बरं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. कुंडलिकने चहाची बशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत त्याचा आवाज भीमाबाईंनी कधी चढलेला ऐकला नव्हता, आजही तो फार चढला नाही.

"म्हणजे आता तू पण घरी बसलीस," तो म्हणाला. "त्यात माझं काय भागलं? आणि हे तरी मला विचारलंस का?"

शकू दारात उभी होती. ती म्हणाली, ताई, भाकऱ्या टाकते, जेवून जा. भीमाबाईंना जेवण जाणार नव्हतं. तरी त्या नाही म्हणाल्या नाहीत. पदर खोचून उठल्या आणि तिच्याबरोबर पीठ मळायला बसल्या.