चोवीस कोटी ग्रॅम-सेंटीमीटर

नवं यंत्र घरी आलं त्या रविवारी घड्याळवाल्या काकूंचा पारा सकाळपासूनच चढलेला होता. मनगटी घड्याळातल्या स्प्रिंगचा पीळ, म्हणजे टॉर्क, मोजायचं ते यंत्र. पूर्ण चावी दिलेल्या स्प्रिंगपुढे काकूंच्या तीस वर्षांच्या वहीत ऐंशीच्या आसपासचा आकडा असायचा. यंत्र दाखवत होतं सात हजार आठशे पंचेचाळीस.

"बावळट आहे हे," त्या सुनेला म्हणाल्या. "उद्या परत देऊन ये."

सून बंदरात इंजिनियर होती, मालाच्या क्रेन दुरुस्त करणाऱ्या विभागात. तिने काकूंचं भिंग उचलून यंत्रावरची बारीक अक्षरं वाचली.

"आई, तुमची वही ग्रॅम-सेंटीमीटरमध्ये आहे आणि हे मोजतंय मायक्रोन्यूटन-मीटरमध्ये. तुमच्या एकाचे याचे अठ्ठ्याण्णव होतात. ऐंशी गुणिले अठ्ठ्याण्णव करून बघा."

काकूंनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. "सात हजार आठशे चाळीस. वरचे पाच कुठून आले?"

"अठ्ठ्याण्णवला पुढे दशांशाची थोडी शेपटी आहे."

"हिशेब पटला, पण बोटांना कळला नाही," काकू म्हणाल्या. "माझं कसं, एक सेंटीमीटरची आडवी काडी धरायची आणि टोकाला एक ग्रॅमचं वजन टांगायचं. असं डोळ्यांपुढे आणलं की कुठला आकडा खरा आणि कुठला भंपक ते आपोआप समजतं."

सुनेने त्यांना एक तक्ता करून दिला. काकूंनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि यंत्र घरातच राहिलं.

मंगळवारी सून बंदरातल्या सगळ्यात मोठ्या क्रेनपाशी गेली. ही क्रेन ज्या लोखंडी कड्यावर गोल फिरते, त्याचे अठ्ठेचाळीस बोल्ट बदलले होते. एकेक बोल्ट मनगटापेक्षा जाड. ते आवळायचं काम फोरमनने आदल्या दिवशीच संपवलं होतं. सव्वीस वर्षं क्रेनवर घालवलेला माणूस, त्याच्या कामात सहसा खोट नसे. सुनेने फक्त सही करायची होती. कागदावर प्रत्येक बोल्टापुढे लिहिलं होतं, २.४ किलोन्यूटन-मीटर.

तिने पेनचं टोपण काढलं आणि का कोण जाणे, काकूंची काडी मनात आडवी धरली. फक्त सेंटीमीटरऐवजी मीटरभर लांब. टोकाला वजन किती? अडीचशे किलोच्या आतच.

"फोरमनसाहेब," ती म्हणाली, "या नटाला मीटरभराची दांडी लावली आणि इथले आपण चौघं तिच्या टोकाला लोंबकळलो, तर बोल्ट घट्ट बसेल?"

फोरमन हसला. "चौघांनी काय होतंय मॅडम? याला ट्रक टांगावा लागेल."

"मग आपण चौघांएवढंच आवळलंय."

फोरमनचं हसू मावळलं. त्याने तिच्या हातातून कागद घेतला, क्रेनचं जुनं पुस्तक उघडलं आणि दोन्ही शेजारी ठेवून त्या ओळीवर बोट ठेवलं. पुस्तकात २.४ टन-मीटर होतं.

"टन म्हणजे हजार किलो," तो हळू म्हणाला. "किलोन्यूटन म्हणजे हजार न्यूटन. हजाराला हजार, असं धरून मी तोच आकडा उतरवला."

"पण एका किलोच्या वजनाचे जवळजवळ दहा न्यूटन होतात. म्हणजे साडेतेवीस किलोन्यूटन-मीटर पाहिजे."

मॅनेजर आला तो वैतागूनच. गुरुवारी जहाज लागणार होतं. "पुस्तक पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. दसपट जोर लावला आणि बोल्ट तुटले तर?"

"तर मी चुकले. क्रेन बनवणाऱ्या कारखान्याला विचारून घ्या," सून म्हणाली. "उत्तर येईपर्यंत क्रेन हलणार नाही. तसं लिहून सही करते." आणि तिने खरंच लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर कारखान्याचं उत्तर आलं. साडेतेवीस. फोरमनने हायड्रॉलिक पाना त्या आकड्यावर लावला आणि पहिल्या नटावर चढवला. काल घट्ट म्हणून सोडलेला नट फिरायला लागला, तो फिरतच राहिला. सगळे अठ्ठेचाळीस बोल्ट फोरमनने स्वतः उभं राहून आवळून घेतले. मग तो तिच्याजवळ आला.

"मॅडम, मापांचा एक तक्ता मला लिहून द्या. अगदी बारीक मापापासून टनापर्यंत. भिंतीवर लावतो. माझ्या नावाने चूक झाली, तर सुधारणाही माझ्याच हाताने लागू दे."

संध्याकाळी चहा घेताना तिने सगळं घरी सांगितलं. काकूंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, हे नवलच. शेवटी विचारलं, "माझ्या मापात किती झाले गं?"

"टनात दहा लाख ग्रॅम, मीटरात शंभर सेंटीमीटर. एका टन-मीटरचे झाले दहा कोटी. आपले चोवीस कोटी."

"सगळ्या बोल्टांचे मिळून?"

"एकाचे."

काकूंनी ऐंशीने भागलं. मनगटी घड्याळाच्या तीस लाख स्प्रिंगा. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. पट्टा बदलायला आलेल्या माणसालाही आधी चोवीस कोटींची गोष्ट ऐकावी लागे, मग पट्टा.

क्रेनच्या चाचणीला घरच्यांना फाटकापर्यंत येऊ देत होते. काकू इस्त्रीची साडी नेसून गेल्या. फोरमनने खुर्ची आणली. "तुम्ही मॅडमच्या आई ना?"

"सासू," काकू म्हणाल्या, आणि खुर्चीवर काही बसल्या नाहीत.

क्रेनने चाचणीचं वजन उचललं आणि ते घेऊन पूर्ण एक फेरी मारली. कड्याचा कुरकुर आवाजसुद्धा आला नाही. उंचावरच्या जाळीवर चारपाच जण हेल्मेट घालून उभे होते, इतक्या लांबून कुणाचाच चेहरा ओळखू येत नव्हता. काकूंनी शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरला आणि वर बोट दाखवलं.

"डावीकडून दुसरी. कागद हातात आहे ना, ती. ती आमची."