राखेचा भराव

कारखान्यातलं रंगाचं लालभडक पाणी मुकादमाने बॉयलरच्या राखेतून गाळलं आणि ते नितळ झालं. साहेबांनी पाठ थोपटली, बढतीचं गाजर दाखवलं. मुकादमाची छाती फुगली. उरली ती रंग प्यायलेली राख. ती टाकायची कुठे? धाकट्या बहिणीच्या नव्या खोलीत भराव हवाच होता. सगळी राख त्याने तिथे ठोकून बसवली. "भाऊ असावा तर असा," बहीण शेजारीपाजारी सांगत सुटली.

भाऊ घरी आलेला असतानाच तिने त्या जमिनीवर पहिल्यांदा पाणी मारलं आणि तिचं रांगतं बाळ तळहात चोखत आलं. हात लाल, जीभ लाल.

"दादा, हे काय रे?" ती किंचाळली.

त्याने रुमालाने बाळाचं तोंड खसाखसा पुसलं.

"काही नाही गं. फक्त माझी बढती होईपर्यंत याला दवाखान्यात नेऊ नकोस."