चांद्याच्या गळ्यातले लोढणे

मित्रांनो, मी एक जुने लोढणे आहे. माझी गोष्ट कोणी खरी मानत नाही, तुम्हीही मानणार नाही. पण फाशी रद्द करणारे लाकूड अख्ख्या मध्य प्रदेशात मी एकटेच.

बोरगावच्या बाभळीतून मला तोडताना कुऱ्हाडीने माझ्यापुढे हात टेकले. मग वसंत सुताराने भोक पाडून दोर ओवला. मारक्या जनावराच्या गळ्यात लोंबायचे आणि ते धावले की त्याच्या गुडघ्यांवर आदळायचे, एवढेच माझे काम.

नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो, तेव्हाची गोष्ट. कापसाची गाडी जुंपताना चिंधूच्या चांद्या बैलाने रामाजीच्या पोटात शिंग खुपसले. सौंसरचा दवाखाना येण्याआधीच रामाजी गेला.

चावडीसमोर माणसे जमली. रघुनाथराव पाटील बंदूक घेऊनच आले.

"खून केला त्याले फाशी. बैल झाला म्हून काय झालं?"

मोरेश्वर मास्तर म्हणाले, "पाटील, कायदा बदलला. फाशी नाही देल्ली तर आता जज्जाले कारण लिहा लागत नाही."

"मंग बैल तुमचा पेपर वाचून राहिला का, मास्तर?"

चिंधू टोपी हातात धरून उभा होता. सगळ्यांनी रामाजीच्या बायकोकडे, अंबाबाईकडे पाहिले.

"गोळी घातली तर तो सुटला," ती म्हणाली. "माह्या घरचा राबणारा गेला. आता वावर कोन वाहीन, पाटील, तुमची बंदूक? चिंधूभाऊ, बैल माह्या गोठ्यात बांध. अन् त्याच्या गळ्यात लोढणं घाल."

पाटलांनी बंदूक खाली केली. ते लोढणे मी!

तेव्हापासून चांद्याला मीच माणसात आणले. तो मान खाली घालून वखर ओढी, पोळ्याला रामाजीच्या आठवणीने ढसाढसा रडे, आणि मरेपर्यंत त्याने कोणावर शिंग उगारले नाही. आज मी गोठ्यात धूळ खात पडले आहे, वाळवी लागली आहे. मला चुलीत घालू नका, मित्रांनो. रागाच्या भरात कोणाला संपवण्याआधी एकदा माझी आठवण...

"खोटं," अंबाबाईची नात नलिनी म्हणाली. "वखराले जुपताना लोढणं काढाच लागते. दुसऱ्याच वर्षी जुपतानाच त्यानं आजीचा हात मोडला. पाटील पुन्हा बंदूक घेऊन आलते. तव्हा तो मोडका हात घेऊन गोठ्याच्या दारात आजी उभी होती. तू कोपऱ्यात पडून होतं."